पिकअप खाली आणायची की पायरी वर?

फोर बाय फोर डबल कॅब पिकअप घरी आली की पहिले काही दिवस सगळे खूश असतात. घाट, चिखल, ओढा, मागे खताच्या गोण्या, आत पाच माणसं, सगळं एकाच गाडीत. मग एक दिवस घरातल्या आजींना दवाखान्यात न्यायचं असतं, आणि त्या उघड्या दारासमोर नुसत्याच उभ्या राहतात. दोघं जण हात देतात, एक जण मागून आधार देतो, कशाबशा चढतात. पुढच्या खेपेला लग्न असो नाहीतर जत्रा, आजी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." गुडघ्याचं नाव काढत नाहीत. एका माणसाचं बाहेर पडणं हळूहळू बंद होतं आणि त्याचं कारण असतं गाडीच्या दाराची उंची.

मग कुणीतरी गॅरेजवाल्याला विचारतं: गाडी दोन इंच खाली बसवता येईल का?

मी गाड्यांच्या सस्पेन्शनवर पीएचडी करते आहे, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेही येतो. उत्तर "हो, येईल" असं आहे. पण दोन इंचांनी आजींचं काम होईल का, आणि त्या दोन इंचांची किंमत कोण मोजणार, हे दोन प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवेत. दुसऱ्याचं उत्तर जरा विचित्र आहे: ती किंमत बऱ्याचदा आजीच मोजतात.

आधी टेप घ्या

"गाडी उंच आहे" या तक्रारीत तीन वेगवेगळ्या उंच्या असतात. पहिलं पाऊल ठेवायची जागा किती वर आहे, केबिनचा फ्लोअर किती वर आहे, आणि सीट किती वर आहे. या तिन्ही मोजून कागदावर लिहा. पुढच्या हिशेबासाठी मी गोल आकडे धरते: फुटस्टेप ४० सेंमी, फ्लोअर ६० सेंमी, सीट ८५ सेंमी. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे निघतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आता माणूस. समजा मांडीचं हाड ४० सेंमी आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं अंतरही ४० सेंमी. माणूस सरळ उभा आहे आणि एक पाय उचलून समोरच्या पायरीवर ठेवतोय. पायरी जितकी उंच, तितकं कंबर ते घोटा हे अंतर कमी, आणि तितका गुडघा जास्त दुमडावा लागणार. शाळेतल्या त्रिकोणमितीनं हा कोन काढता येतो. घरातल्या जिन्याची पायरी, म्हणजे १९ सेंमी (राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी याहून उंच पायरी चालत नाही), चढायला गुडघा सुमारे ८१ अंश दुमडतो. ३० सेंमीला १०३ अंश. ४० सेंमीला १२० अंश. ४५ सेंमीला १२८.

हे मॉडेल ढोबळ आहे. खऱ्या आयुष्यात आपण पाय थोडा पुढे टाकतो, अंग मागे झुकवतो, कंबर तिरकी करतो, त्यामुळे खरा कोन याहून काही अंशांनी कमी भरतो. पण तुलना करायला हे पुरेसं आहे.

गाडी ५ सेंमी खाली आणली. फुटस्टेप ४० वरून ३५ वर आलं. कोन १२० वरून ११२ वर आला. आठ अंश! गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ लोकांचा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंतच दुमडतो. म्हणजे कुणाचा गुडघा नेमका ११५ वर अडत असेल, तर याच आठ अंशांत चढता येणं आणि न येणं यातला फरक आहे. त्यामुळे "दोन इंचांनी काय होतंय" असं उडवून लावणं बरोबर नाही. काहींचं खरंच काम होतं.

पण आता गाडी आहे तशीच ठेवा आणि जमिनीवर २० सेंमी उंचीचं एक भक्कम स्टूल ठेवा. जमिनीवरून स्टुलावर २० सेंमी, स्टुलावरून फुटस्टेपवर २० सेंमी, तिथून फ्लोअरवर २० सेंमी. प्रत्येक वेळी गुडघा दुमडतो साधारण ८३ अंश. म्हणजे घरातल्या जिन्याइतकाच. सस्पेन्शनचं एक बोल्टही न हलवता १२० चे ८३ झाले.

घडी, जोर आणि तोल

इथे वाचणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील, आमच्या आजी तर अजून जमिनीवर मांडी घालून बसतात, त्यांचा गुडघा दुमडतो की! बरोबर. गुडघ्याची घडी होणं वेगळं, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर सगळं वजन घेऊन अंग वर उचलणं वेगळं. पिढ्यानपिढ्या उकिडवं बसलेल्या लोकांकडे घडी असते, वयानुसार जातो तो जोर.

या जोराचं मोजमाप प्रत्यक्ष माणसांच्या गुडघ्याच्या आत झालेलं आहे. बर्लिनच्या शारिटे इस्पितळातल्या संशोधकांनी पाच रुग्णांना असे कृत्रिम गुडघे बसवले ज्यांच्या आत बल मोजणारी यंत्रणा होती आणि वाचन बिनतारी बाहेर येत होतं. २०१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतात. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्के बल येतं. खुर्चीतून उठताना २४६ टक्के. जिना चढताना ३१६. आणि जिना उतरताना सगळ्यात जास्त, ३४६ टक्के. साठ किलोच्या बाईंसाठी हे शेवटचं बल दोनशे किलोंच्या वर जातं. हे साध्या जिन्याचे आकडे आहेत, पिकअपच्या दाराचे नाहीत.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, उतरणं चढण्यापेक्षा वाईट, आणि घरातली माणसं मदतीला धावतात ती चढताना. उतरताना "या, सावकाश या" एवढंच म्हणतात. दोन, हे बल कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हात. दोन्ही हातांनी धरायला पक्कं काही मिळालं, तर वजनाचा चांगला भाग गुडघ्यावरून दंडांवर जातो, आणि तोलाचा प्रश्नही मिटतो. गाडीत पुढच्या खांबावर हँडल असतं. मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी मधल्या खांबावर आहे का, ते आजच बघा. नसेल तर ते बसवणं सस्पेन्शनला हात लावण्याच्या कितीतरी आधी येतं.

खुब्याची गोष्ट आणखी वेगळी. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना सुरुवातीचे काही आठवडे कंबरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकू नका आणि फार खालच्या आसनावर बसू नका असं सांगायची पद्धत आहे. त्यांना छोट्या कारची खोल सीट पिकअपपेक्षा जास्त त्रासाची. त्यांनी चढायचं नसतंच. सीटकडे पाठ करून आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. हे जमायला सीट किती उंच हवी? दीडशे सेंमी उंचीच्या बाईची मांडी जिथे सुरू होते, ती जागा जमिनीपासून साधारण ६५ ते ७० सेंमीवर असते. सीट त्याच्या जवळपास असली की नुसतं मागे टेकलं तरी बसता येतं. छोट्या एसयूव्ही म्हाताऱ्या माणसांना का आवडतात त्याचं रहस्य एवढंच आहे, त्यांची सीट नेमकी या पट्ट्यात येते. आपली ८५ सेंमीची पिकअप ५ सेंमी खाली आणली तरी ८० होते, अजून आवाक्याबाहेरच. वीस सेंमीच्या स्टुलावर उभं राहिलं तर तीच सीट ६५ सेंमीची होते.

एक बारीक अडचण: गाडीला कायमचं बसवलेलं रुंद फुटस्टेप असेल तर ते माणसाला दारापासून वीतभर लांब उभं करतं. पाठ करून बसणाऱ्याला ते मधे येतं. ज्याच्या उपयोगासाठी लावलं, त्यालाच आडवं येतं.

गाडी खाली आणतात कशी

आता सस्पेन्शन, म्हणजे माझा प्रांत. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या आजच्या पिकअपचा सांगाडा असा असतो: शिडीसारखी चासी, पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारी, प्रत्येक चाकाला वर-खाली दोन विशबोन आणि एक कॉइल स्प्रिंग; मागे एक अखंड ॲक्सल आणि त्यावर पाटे. आपण सांगतोय ते हेच पाटे, ट्रकला असतात तसे. गाडी उंच असण्याचं कारण सरळ आहे. चासीच्या खालून पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल जातं, मागे सामान भरल्यावर पाटे दबायला जागा लागते, आणि केबिन या सगळ्याच्या वर बसते.

मागची बाजू खाली आणायची तर पाट्यांची कमान सपाट करून घेतात, किंवा एखादा पाटा काढतात. पाटा काढला की गाडी बसते आणि मऊही होते, पण उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो आणि गाडीची भार वाहायची ताकद कमी होते. ती कमी झालेली ताकद कुठे लिहिलेली नसते. पुढच्या हंगामात द्राक्षाचे क्रेट भरणाऱ्याला ती माहीत नसते. तिसरा मार्ग म्हणजे ॲक्सलच्या वर असलेले पाटे ॲक्सलच्या खाली बांधणं. यात उतार मिळतो तो ॲक्सलच्या नळीचा व्यास अधिक पाट्यांच्या थराची जाडी इतका, म्हणजे सहज १२ सेंमीच्या पुढे. परदेशात शोसाठी सजवलेल्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये हे करतात, आणि मग ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून चासीलाच खालून खाच पाडून पुन्हा मजबुती देतात. घरच्या गाडीला हे करू नका. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस झिजतात, ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

पुढच्या बाजूला कमी उंचीची स्प्रिंग घालतात. जुन्या काही पिकअपमध्ये कॉइलऐवजी टॉर्शन बार असतो, तिथे एक बोल्ट सैल केला की गाडी बसते, म्हणून ते काम दहा मिनिटांत होतं आणि म्हणूनच ते फार केलं जातं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कटरने स्प्रिंग कापणं. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग १४ टक्के कडक होते. शिवाय ही स्प्रिंग खालच्या विशबोनच्या मधे कुठेतरी टेकलेली असते, चाकापाशी नाही, त्यामुळे स्प्रिंग एक इंच कमी केली की चाकापाशी फरक इंचाहून बराच जास्त पडतो. अंदाजाने कापणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो.

लोक मला एक गोष्ट हमखास विचारतात: खाली आणली तर पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट जातील ना? खरं सांगायचं तर ही भीती उलट्या बाजूची आहे. गाडी उंच केली की ते शाफ्ट जास्त तिरके होतात आणि जॉइंट लवकर जातात. चार-पाच सेंमी खाली आणल्यावर बऱ्याच गाड्यांत शाफ्ट आडव्या रेषेच्या जवळ येतो. जॉइंटपुरतं ते बरंच आहे. त्रास दुसरीकडे आहे.

आणि टायर? लहान टायर घालून गाडी खाली येईल, असंही सुचवलं जातं. २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी. त्याऐवजी २६५/६० घातला तर ७५०. व्यास २६ मिमी कमी झाला, पण गाडी खाली येते त्याच्या निम्मी, १३ मिमी. एवढ्यासाठी चार टायर आणि स्पीडोमीटरची चूक पदरात घ्यायची गरज नाही.

किंमत

चाक खड्ड्यातून उसळतं तेव्हा त्याला वर जायला चासीखाली जागा लागते. ती संपली की रबरी बंप स्टॉपवर आपटतं. समजा मूळ गाडीत ही जागा १० सेंमी आहे. गाडी ५ सेंमी खाली आणलीत, तर उरली ५. आता तोच खड्डा, तोच वेग, तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर निम्मं झालं, तर तेवढीच ऊर्जा घ्यायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. आणि स्प्रिंग चौपट कडक झाली की गाडीच्या डोलण्याची वारंवारता दुप्पट होते: सेकंदाला सव्वा वेळा डोलणारी गाडी सेकंदाला अडीच वेळा हिंदकळू लागते. माणसाचं बसलेलं शरीर सेकंदाला चार ते आठ हिसक्यांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त हैराण होतं. म्हणजे आपण आजींना बरोबर त्या दिशेने ढकललं. स्प्रिंग कडक केली नाही तर? मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप, आणि तो दणका थेट मणक्यात.

हेच मी सुरुवातीला म्हणत होते. दारातले तीस सेकंद सोपे करायला आपण रस्त्यावरचे दोन तास अवघड करतो, आणि दोन्ही वेळा सीटवर माणूस तोच असतो. मोकळ्या पिकअपचे पाटे एरवीही धटिंगण असतात, भार नसताना ते नीट दबतच नाहीत, आणि मागची सीट मागच्या ॲक्सलपासून फार लांब नसते.

दुसरी किंमत ब्रेकची आहे, आणि ती गॅरेजमध्ये क्वचितच कुणी सांगतं. बऱ्याच पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या, मागच्या ब्रेकच्या लाइनवर भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. एक दांडी चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघते. अंतर कमी म्हणजे मागे भार आहे, म्हणून मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडा. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, दाब कमी ठेवा. तुम्ही पाटे सपाट करून गाडी खाली आणलीत, तर या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं मागे सामान भरलंय. तो रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना भरल्या गाडीचा दाब देतो. पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात, आणि मागची चाकं आधी अडकलेली गाडी गिरकी घेते. नव्या गाड्यांत हे काम एबीएसचं इलेक्ट्रॉनिक्स करतं, तिथे दांडी नसते. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते ॲक्सलपाशी वाकून बघितलं तरी कळतं.

जमिनीपासूनच्या अंतराचं गणितही लोक समजतात तसं नाही. मागचं डिफरन्शियल अखंड ॲक्सलवर असतं, त्याची उंची फक्त टायर ठरवतो. गाडी कितीही खाली आणा, ते तिथेच. पुढचं डिफरन्शियल मात्र चासीला टांगलेलं असतं, म्हणून पुढून ५ सेंमी खाली आणली की तिथले ५ सेंमी पूर्ण गेले. हवा ओढणारं तोंडही तितकंच खाली आलं, म्हणजे ओढ्यातून जायची खोली कमी झाली. शेताच्या बांधावर पुढचं तोंड आधी टेकेल. ज्यासाठी फोर बाय फोर घेतली, त्यातलाच एक तुकडा कापून दिला. चाकांचा कॅम्बर आणि टो बदलतो, त्यामुळे अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात. हेडलाइटही पुन्हा लावून घ्यावे लागतात.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्याची वाट कायद्यात आहे. तेव्हा सस्पेन्शनला हात लावायचाच असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडून लेखी उत्तर घ्या. गॅरेजवाल्याचं "काही होत नाही साहेब" हे लेखी नसतं.

थांबल्यावर खाली, धावताना वर

उत्पादकांना हा पेच ठाऊक आहे, आणि त्यांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. गाडी उंच हवी ती धावताना. खाली हवी ती थांबल्यावर. मग दोन्ही वेळा एकच उंची का ठेवायची? स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे घाला, थांबल्यावर हवा सोडा, निघताना भरा. रेंज रोव्हर अशी चढण्या-उतरण्यासाठी सुमारे ५ सेंमी खाली बसते. अमेरिकेतल्या रॅम १५०० पिकअपला एअर सस्पेन्शन घेतलं तर तीही दोन इंच बसते. शहरातल्या लो-फ्लोअर बस स्टॉपवर दाराच्या बाजूला किंचित झुकतात ते याच तत्त्वावर. लक्षात घ्या, एवढा खर्च करूनही सगळे मिळवतात ते दोनच इंच. बसच्या बाबतीत खरा फरक झुकण्याने पडत नाही, फ्लोअरच मुळात ९०० मिमीऐवजी ४०० मिमीवर ठेवण्याने पडतो, आणि तसं करायला बस पहिल्यापासून वेगळी आखावी लागते. पिकअपचा फ्लोअर चासीच्या वर असतो, तो कुणी सस्पेन्शनने खाली आणू शकत नाही.

पाट्यांच्या गाडीला बाजारात हवेचे मदतनीस फुगे मिळतात, पण ते भार असताना मागची बाजू उचलून धरायला असतात. गाडी खाली बसवायला त्यांचा उपयोग नाही. विकताना काहीही सांगितलं जातं.

मग करायचं काय

माझं मत विचाराल तर आधी जमीन वर आणा. कोकणात, देशावर, कुठल्याही जुन्या घराला जोतं असतं, आणि ते सहसा ४५ सेंमीच्या आसपास उंच असतं. गाडी ओट्याला अगदी चिकटून लावा. ४५ सेंमीच्या ओट्यावरून ६० सेंमीच्या फ्लोअरवर पाऊल टाकायचं म्हणजे फक्त १५ सेंमी, जिन्याच्या पायरीपेक्षाही कमी; आणि सीट राहते ४० सेंमीवर, म्हणजे खुर्चीइतकी. दार ओट्यावरून फिरतंय का ते आधी रिकाम्या गाडीने बघून घ्या, आणि गाडी व ओटा यांच्यामध्ये पाय जाईल अशी फट ठेवू नका. रस्त्यावर असाल तर फुटपाथचा उपयोग करा, १५ सेंमी तिथेच मिळतात. उतारावर असाल तर ज्या दारातून चढायचं ते चढाच्या बाजूला येईल अशी गाडी लावा.

सोबत नेण्यासाठी स्टूल. प्लास्टिकचं न्हाणीघरातलं नको. उंची १८ ते २० सेंमी, वरची फळी किमान ३० सेंमी खोल, दोन्ही पावलं शेजारी मावतील इतकी रुंद, चारही पाय बाहेर पसरलेले, वर खरखरीत रबर. गावातला सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. त्याला एक दोरी बांधा, म्हणजे आत बसलेल्या चालकाला खाली न वाकता ते वर ओढता येतं. दार उघडलं की खाली येणारी विजेची पायरी मिळते, चांगली असते, पण चिखलात तिचे बिजागर अडकतात. खडीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना मी स्टूलच सांगेन. जपानमध्ये टोयोटा वेलकॅब नावाखाली सीट बाहेर वळून खाली येणाऱ्या गाड्या विकते, खुर्चीवरून थेट हलवायच्या माणसासाठी तोच खरा उपाय, मात्र तो उंच पिकअपपेक्षा बुटक्या गाडीत स्वस्तात बसतो. घरात दुसरी गाडी असेल तर हा विचार आधी करा.

हे सगळं करूनही चार बोटं कमी पडत असतील, गुडघा नेमका त्या आठ अंशांत अडकत असेल, आणि लेखी होकार हातात असेल, तर मी अडीच-तीन सेंमीच्या पुढे जाणार नाही. पुढून-मागून सारखीच, त्या मापासाठी बनवलेल्या स्प्रिंगनेच, त्याच लांबीच्या शॉकॲब्सॉर्बरसह. मग अलाइनमेंट, हेडलाइट, आणि भाराचा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी पुन्हा लावणं, हे तिन्ही त्याच दिवशी.

चढायची रीत घरातल्या सगळ्यांना एकदा शिकवून ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरताना तोंड सीटकडे, शिडी उतरतो तसं पाठमोरं. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून ओढायचं नाही, मागे उभं राहून कंबरेला आधार द्यायचा आणि स्टूल नेमकं पावलाखाली आहे हे तोंडाने सांगायचं. दुसरा पाय जमिनीला टेकेपर्यंत हँडलवरचा हात सुटता कामा नये.